कात्रीविना दोन वर्षे

रविवार, रात्री साडेनऊ

आज न्हाऊन केस वाळल्यावर शिवणाच्या टेपने मानेपासून त्यांची लांबी मोजली, तर ती ५९ सेंटिमीटर भरली. दोन वर्षांपूर्वी श्रावणात, यापुढे केसांना कात्री लावायची नाही असे ठरवले, त्या दिवशी ती ३१ होती. वहीच्या शेवटच्या पानावर मी तसे लिहून ठेवले आहे. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे दोन वर्षांत ३० सेंटिमीटर वाढ व्हायला हवी होती आणि माझी २८ झाली. उरलेले दोन सेंटिमीटर टोकांशी तुटून गेले असावेत, आणि दोनच गेले याचे मला फार समाधान आहे.

दर तीन महिन्यांनी टोके कापली की केस भराभर वाढतात, असे पार्लरमध्ये मला अनेकदा सांगण्यात आले आणि मीही ते वर्षानुवर्षे मानले. केस वाढतो तो त्वचेखाली, मुळाशी; बाहेर आलेला भाग निर्जीव असतो, त्यामुळे टोक कापले काय किंवा ठेवले काय, मुळाला त्याची खबर नसते. मात्र त्या सल्ल्यातला एक भाग खरा आहे. फाटे फुटलेला केस वरपर्यंत उलत जातो आणि एकदा उललेला केस कोणत्याही तेलाने सांधला जात नाही. म्हणून ज्याला कापायचे नाही, त्याने टोके जपलीच पाहिजेत. न्हाण्याच्या आदल्या रात्री मी टोकांना खोबरेल तेल लावते, कारण ते केसाच्या आत शिरते आणि धुताना केसातली प्रथिने कमी झिजतात. न्हाल्यावर केस खसाखसा न पुसता सुती पंच्यात गुंडाळून ठेवते, आणि गुंता मोठ्या दातांच्या फणीने टोकांकडून वर सोडवत जाते. ओला केस ताणला जातो आणि पटकन तुटतो, हे लक्षात आल्यापासून न्हाणीघरातून बाहेर पडताच विंचरण्याची घाई मी सोडून दिली.

नागमोडी वळणाची ओढ मात्र शाळेपासूनची आहे. आठवडाभर लाल रिबिनी लावून वर दुमडलेल्या दोन वेण्या शनिवारी दुपारी, सकाळची शाळा सुटल्यावर, आई सोडायची, आणि माझे सरळसोट केस संध्याकाळपर्यंत लाटांसारखे पाठीवर पसरलेले असायचे. ते कसे घडत होते हे आता समजते. पाण्याने केसातले हायड्रोजनचे बंध सुटतात आणि केस वाळताना ज्या आकारात असेल त्या आकारात ते पुन्हा जुळतात. गंधकाचे मजबूत बंध जागचे हलत नाहीत, म्हणून हे वळण पुढच्या न्हाण्यापर्यंतच टिकते. पावसाळी दमट हवेत तर तेवढेही टिकत नाही. तरीही तापलेल्या यंत्राने वळवलेल्या केसांपेक्षा हीच लाट मला जवळची वाटते, कारण तिच्यासाठी केसाला काही सोसावे लागत नाही, आणि रात्रभर वेणीत राहिलेला केस उशीवर घासून तुटतही नाही. शाळेतल्या वेण्या फार घट्ट असत. रोजच्या त्या ताणाने कपाळाच्या कडेचे केस विरळ होऊ शकतात, आणि माझ्या कानशिलांजवळ ते आजही विरळ आहेत. म्हणून आता पेड सैल ठेवते, आणि केस बहुतेक वाळून नुसता ओलसरपणा उरला की मगच गुंफते. चिंब केसांची वेणी पावसाळ्यात सकाळपर्यंत वाळत नाही आणि तिला कुबट वास येतो.

संध्याकाळी दोन तीनपेडी वेण्या घातल्या आहेत. आज प्रथमच त्या गुंफताना हात मानेमागून पुढे घेऊन, वेणी डोळ्यांसमोर धरून शेवटचे पेड घालता आले. उद्या सकाळी आईकडे जायचे आहे. या वेण्या तिथे पोहोचेपर्यंत मी सोडणार नाही. त्या तिच्याच हाताने सोडवून घेणार आहे.