येतंय, येतंय

परवा मुंबईहून आलेल्या आमच्या वन्सं झोपाळ्यावर पाय सोडून बसल्या आणि म्हणाल्या, "किती शांत आहे गं इथे, तुम्हाला कसलं आलंय टेन्शन!" तेव्हा तारीख होती २० मे, दुपारचे साडेतीन, जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, लाईट सकाळी अकराला गेलेली, इन्व्हर्टर टूं टूं करायला लागलेला आणि दर्याच्या बाजूला ढग असे काळे, की सासूबाई तिसऱ्यांदा अंगणात जाऊन आभाळ बघून आलेल्या. मी हसले. दुसरं काय करणार.

मी पुण्यातल्या एका ऑफिसचं अकाउंट्सचं काम घरून करते. घर म्हणजे देवगड तालुका, आणि रेंज म्हणजे पडवीचा उजवा कोपरा, त्यामुळे मी, लॅपटॉप आणि नारळाच्या सोडणांची रास असे आम्ही तिघं दिवसभर तिथेच.

मध्ये मान फार आखडायला लागली तेव्हा टेन्शनवर काहीबाही वाचत बसले होते. होम्स आणि राहे नावाच्या दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांना मार्क दिलेत, कशाने माणसाला किती ताण येतो त्याचे. जोडीदार गेला तर १००, घटस्फोट ७३, लग्न ५०, सासरच्यांशी कटकट २९, साहेबाशी खटका २३ (म्हणजे सासर साहेबापेक्षा सहा मार्कांनी पुढे, हे मी घरात मोठ्याने वाचलं नाही). आणि नाताळ १२. नाताळला बारा, मग आमच्या गणपतीला किती द्यायचे? मुंबईकर ६० दिवस आधी सकाळी आठला मोबाईल धरून तिकिटाला बसतात, आणि ते मिळालं की नाही याचा घोर इथे आम्हाला, कारण मोदक किती जणांचे ते त्यावर ठरतं. घोर हा सासूबाईंचा शब्द. त्यांना टेन्शन कधी येत नाही, जीवाला घोर लागतो.

तर मी माझे मार्क मोजले, आणि भरले फार कमी. वर्षभरात काही घडलंच नव्हतं, मग मान कशाने आखडली? पुढे वाचलं तर लॅझारस नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि मंडळींनी १९८१ साली ११७ बारीकसारीक कटकटींची यादी करून बघितली होती, आणि मनाच्या तक्रारी मोठ्या घटनांपेक्षा या चिल्लर गोष्टींशीच जास्त जुळत होत्या. हे मात्र पटलं बाई.

पण माझ्या मते खरी चिल्लर म्हणजे 'येतंय'. वायरमनला फोन केला की तो म्हणतो, "येतंय, येतंय." पंपवाला पण येतंय, गॅसवाला पण येतंय. नाही म्हणाले असते तर मी दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते, विहिरीवरून चार कळशा आणल्या असत्या आणि विषय संपला असता. येतंय म्हटल्यावर मात्र आंघोळीला जाता येत नाही, झोपता येत नाही, गेटचा आवाज झाला की कान टवकारायचे, आणि बघावं तर शेजाऱ्यांची गाय.

त्या दिवशी ३ वाजून ४० मिनिटांनी साहेबांचा मेसेज आला, "जरा बोलायचं होतं, फ्री झालात की फोन करा." बस्स, एवढंच. अहो, कशाबद्दल ते लिहा ना! मी फोन लावला तर एंगेज, मग रेंज गेली, मग मला मार्चच्या सगळ्या एन्ट्र्या आठवायला लागल्या, त्या एका बिलाचा आकडा उलटसुलट तर नाही ना टाकला, का आता घरून काम बंद, पुण्याला या म्हणतात, मग मुलीची शाळा, सासूबाईंचं गुडघ्याचं औषध... वीस मिनिटांत मी पुण्यात भाड्याने घर बघून, त्याचं डिपॉझिट भरून परत पडवीत आले होते. वन्सं म्हणाल्या, "चहा टाकतेस का गं जरा?"

लाईट सव्वापाचला आली, वायरमन न येताच. रिटर्न गेलं एकदाचं. मग साहेबांचा फोन लागला.

"काही नाही हो मॅडम, हापूस संपला का तुमच्याकडचा? दोन पेट्या मिळाल्या असत्या तर..."

एवढा जीव हलका झाला की मी लगेच हो म्हणून बसले. आता सिझनचा शेवट, पावसाचे चार टपोरे थेंब पडून गेलेले, आणि साहेबांना भाव सांगायचा की नाही सांगायचा हे नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, बघू. रात्री मी आणि सासूबाईंनी आढीतला पेंढा बाजूला करून एकेक आंबा हातात घेऊन, वास घेऊन, देठाशी अंगठ्याने हलकं दाबून चार डझन बाजूला काढले. रंग सुरेख, वास तर घरभर. पण हापूसात साका असला, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा झालेला असला, तर तो बाहेरून कळत नाही, कापल्यावरच दिसतो, आणि कापणार साहेब, पुण्यात.

पेटी घेऊन जाणाऱ्या टेम्पोवाल्याला सकाळी फोन केला. येतंय म्हणाला.