विशारदनंतर पुढे काय?

आज भाचीची शास्त्रीय गायनाची परीक्षा होती, मध्यमा पूर्ण; तिच्या पुढची पायरी विशारद. रत्नागिरीची दमट हवा, त्यात पेटीची एक पट्टी दाबली की वरच येईना. साथीला बसलेले काका ती नखाने उचलत वाजवत होते. पोरीने मात्र केदार रागातला मध्यम (म) असा लावला की परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

बाहेर बाकावर पालकांची एकच चर्चा: विशारद झाल्यावर पुढे काय? प्रश्न रास्तच. आपल्याकडे गाण्यावर पोट भरायचं म्हणजे शिकवण्या, देवळातले उत्सव, नाहीतर डबलबारीत, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्यात, बुवा (मुख्य गायक) व्हायचं. (बुवाला मान भारी असतो हां, कमी लेखू नका!)

मला आपल्या गायिका केसरबाई केरकर आठवल्या. गोव्यातल्या केरीच्या, जन्म १८९२चा. नाव झालेलं असूनही १९२१ साली जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकायला बसल्या, ते १९४६ला खाँसाहेब जाईपर्यंत. १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून त्यांची भैरवी अंतराळात गेली. एवढी तालीम परीक्षेच्या कुठल्या फॉर्मात बसवणार?

तरी विशारदचा फॉर्म भरणार आहोतच. चिपळूण-गुहागर बाजूला जयपूर घराण्याची गायकी शिकवणारं कोणी असेल तर कळवा.