गाडीवरचे ओरखडे आणि न येणारे ‘अप्रूव्हल’

गाडीवर ओरखडा उठला आणि ती सर्व्हिस सेंटरमध्ये नेली की बहुतेक वेळा ‘पूर्ण पॅनेल (म्हणजे दार, मडगार्ड असा पत्र्याचा अख्खा भाग) पेंट करावे लागेल’ हेच पहिले वाक्य कानावर पडते. ओरखडा रंगाच्या कोणत्या थरापर्यंत गेला आहे, हे कोणी बोट लावूनही पाहिलेले नसते. कारखान्यात लागलेला मूळ रंग एकदा घासून काढला की तो परत मिळत नाही, म्हणून त्याआधी दहा वेळा विचारण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की रस्ता ट्रॅक्टरचा असतो. संकेश्वरच्या अलीकडे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मला घासून गेला. बाहेर लोंबणारे ऊस आणि वाढे पुढच्या मडगार्डवरून व पुढच्या दारावरून फिरले आणि फाळक्याची कडी मागच्या दाराला लागली. पुढे बारीक रेघांचे जाळे, मागे वीतभर लांबीचा खोल चरा आणि त्याच्या बाजूला ट्रॉलीचा लाल रंग, असे एकंदर नुकसान होते. फोटो काढले, विमा कंपनीला कळवले, क्लेम नंबर मिळाला. तिथपर्यंत काहीच अडले नाही.

अडले ते सर्व्हिस सेंटरच्या आवारात. तिथल्या सल्लागाराने गाडीभोवती एक फेरी मारून मडगार्ड आणि दोन्ही दारे अशा तिन्ही पॅनेलच्या रंगकामाचे एस्टिमेट काढले आणि विमा कंपनीच्या वतीने नुकसान तपासणारे सर्व्हेअर येईपर्यंत गाडी ठेवून जाण्यास सांगितले. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा फोन केला तेव्हा ‘मॅडम, अजून अप्रूव्हल आले नाही’, म्हणजे विमा कंपनीची मंजुरी नाही, एवढेच उत्तर मिळाले. सर्व्हेअरला फोन केला तर सेंटरने एस्टिमेट पाठवलेलेच नाही असे कळले. सेंटरमध्ये जाऊन विचारले तर ते पाठवले आहे, पण सर्व्हेअरने फोटो पुन्हा मागितले आहेत, असे सांगण्यात आले. फोटो काढणारा मुलगा रजेवर होता. तो आला तेव्हा सर्व्हेअर हुबळीला गेलेले होते. दोघांनीही मला एकमेकांचेच नंबर दिले, आणि लेखी मात्र कोणीच काही दिले नाही.

या काळात गाडी उघड्यावर उभी होती. समोरच्या मोकळ्या जागेतली माती उडून तिच्यावर थर बसला होता, आणि मी पाहायला गेले तेव्हा एक मुलगा माझ्यासमोरच कोरड्या फडक्याने बॉनेट पुसू लागला. धुळीतले कण कोरड्या कापडाखाली फिरले की बारीक गोल चरे पडतात आणि ते उन्हात लगेच दिसतात. जिथे रंग दुरुस्त करून मिळायचा, तिथेच नवे ओरखडे पडत होते! मी त्याला थांबवले आणि सल्लागाराला विचारले, की मडगार्डावरच्या रेघा पॉलिशने निघतात का हे एकदा करून पाहाल का? ‘क्लेममध्ये पॉलिश बसत नाही, पॅनेल पेंटच बसतो,’ असे उत्तर आले. त्या उत्तराचा राग मला अजून आहे. गाडीला काय हवे आहे याऐवजी बिलात काय बसते, यावर निर्णय होत होता.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. गाडी चालण्याजोगी असेल तर पाहणी झाल्यावर ती घरी न्यावी. मंजुरी येईपर्यंत ती सेंटरमध्ये अडकवून ठेवण्याचे काहीही कारण नसते. सगळे बोलणे ई-मेलवर करावे आणि एस्टिमेट पॅनेलनुसार वेगवेगळे मागावे. विमा कंपनीच्या तक्रार कक्षाकडून उत्तर आले नाही तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. मी ई-मेलमध्ये या पोर्टलचा उल्लेख केला आणि हरवलेले एस्टिमेट लगेच सापडले.

तोपर्यंत मात्र मी हिशेब करून ठेवला होता. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १००० रुपये आपल्यालाच सोसावे लागतात. पॉलिसीला ‘झीरो डेप’ (घसारा न कापण्याची जोड) नसेल तर रंगाच्या सामानावर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि बिलात सामान व मजुरी वेगळी दाखवलेली नसेल तर रंगकामाच्या एकूण रकमेचा २५ टक्के भाग सामानाचा धरतात. शिवाय पाच वर्षे क्लेम न केल्यावर मिळणारा ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सवलत, एका ओरखड्यापायी शून्यावर येतो. मी क्लेम लेखी मागे घेतला, गाडी बाहेर काढली आणि पुढच्या नूतनीकरणात माझा बोनस कायम राहिला.

उद्यमबागेच्या बाजूला एका जुन्या पेंटरकाकांकडे गाडी नेली. त्यांनी पॉलिशच्या मशीनला हातच लावला नाही. ‘अगोदर पाणी मारून बघूया की, घाई कशाला?’ म्हणत त्यांनी मग्गाभर पाणी ओतले आणि मडगार्डावरच्या रेघा पाण्याखाली नाहीशा झाल्या. ओले असताना दिसेनासा होणारा आणि वाळल्यावर परत दिसणारा ओरखडा फक्त वरच्या पारदर्शक थरात असतो. खाली प्रायमर, त्यावर रंग आणि त्यावर हा क्लिअर कोट, असे सगळे थर मिळून जाडी १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरते; त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. नख आडवे फिरवून ते अडकले तर मात्र पॉलिशवर भागत नाही.

साबणाच्या पाण्यात भिजवलेला २००० नंबरचा वॉटर पेपर (अगदी बारीक पॉलिश पेपर) त्यांनी हलक्या हाताने फिरवला. पाणी ताकासारखे पांढरे निघाले. हा घासला जाणारा क्लिअर कोट होय; पाण्यात गाडीचा रंग उतरू लागला की त्याच क्षणी हात थांबवायचा, हे त्यांनी मला दाखवून सांगितले. त्यानंतर कंपाउंड (रंग घासून चकाकी आणणारी पेस्ट) आणि बारीक पॉलिश झाले. मडगार्ड आणि पुढचे दार मूळ रंगासकट वाचले. मागच्या दारावरचा लाल पट्टा तर नुसत्या कंपाउंडनेच निघाला, कारण तो वरून चिकटलेला ट्रॉलीचा रंग होता. खोल चऱ्यात पत्रा उघडा पडला होता, त्यामुळे तेवढे एकच दार रंगवावे लागले. उघडा पत्रा आपल्याकडच्या पावसाळ्यात गंजल्याशिवाय राहत नाही, तेव्हा तिथे चालढकल करू नये.

मूळ रंग वाचवण्याचा आग्रह मी उगीच धरला नव्हता. कारखान्यात रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो. तयार गाडीत प्लास्टिक, रबर आणि वायरिंग असल्यामुळे दुरुस्तीचा रंग साधारण ६० अंशांवर वाळवतात; म्हणजे कारखान्यात भाजलेला रंग दुरुस्तीत परत मिळत नाही.

माझी गाडी मेटॅलिक राखाडी असल्याने रंग जुळवणे नाजूक काम होते. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर किंवा स्टिकरवर असतो; पण काही वर्षे ऊन खाल्लेली गाडी कोडाप्रमाणे केलेल्या रंगाशी तंतोतंत जुळेलच असे नाही. मेटॅलिक रंग ओला फवारला तर गडद आणि कोरडा फवारला तर फिका दिसतो. म्हणून पत्र्याच्या तुकड्यावर नमुना फवारून घ्यावा आणि तो ट्यूबलाइटखाली न पाहता उन्हात नेऊन गाडीशेजारी धरावा. शेजारचे पॅनेल आधी पॉलिश करून मगच रंग जुळवावा, नाहीतर नंतर फरक उघडा पडतो. उघड्यावर रंग मारून घेऊ नये, आणि जून-जुलैच्या दमट हवेत तर मुळीच नाही. काकांनी ओळखीच्या बंदिस्त बूथमध्ये दार रंगवून आणले.

उरलेला रंग त्यांनी लहान बाटलीत भरून, झाकणावर कोड लिहून दिला. आपणही तो मागून घ्यावा. दगड उडून पडलेल्या ठिपक्यांना तो उपयोगी पडतो. नव्या रंगावर किमान महिनाभर वॅक्स लावू नये, आणि ऊस हंगामात गाडी धुताना आधी भरपूर पाणी ओतून माती वाहू द्यावी, मगच कापड लावावे.