बासष्टचं वावर

वकिलीचं माझं दुसरं वर्ष. वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं कोर्ट, कनिष्ठ स्तर. आमच्याकडे निम्मे दावे धुऱ्याचे आणि उरलेले वाटणीचे. (घाटावरच्या मैत्रिणींना धुरा म्हणजे काय ते सांगावं लागतं. त्यांच्याकडे तो बांध.)

आबाजींचा दावा रस्त्याचा होता. त्यांचं वावर आतल्या बाजूला, पुढे दुसऱ्याचं. पुढच्याने 2021 मध्ये तारेचं कुंपण घातलं आणि बैलबंडीची वाट बंद झाली. तहसीलदाराकडे हरून आबाजी आमच्याकडे आले. आम्ही केलेला तात्पुरत्या मनाईचा (निकाल लागेपर्यंत वाट अडवू नये असा) अर्जही फेटाळला गेला. तिथे रस्ता होता असं तोंडी सगळा गाव सांगत होता, कागद एकही नव्हता.

सर, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करत होते ते वकील, म्हणाले, कागद काढायचे अर्ज तू कर. मी हुरूपाने दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 11 उघडला आणि प्रतिवादीला विचारायचे 23 प्रश्न काढले. त्याच्याकडचे कागद शपथेवर उघड करायला लावण्याचाही अर्ज केला. त्यात 'वादग्रस्त मिळकतीसंबंधी सर्व कागदपत्रे' असं ऐटीत लिहिलं.

सरांनी चष्मा वर केला. "सगळं वावर कायले खणतं? विहीर कुठी आहे थे सांग ना."

23 प्रश्नांचे पाच झाले. 'रस्ता होता काय?' हा माझा लाडका प्रश्न त्यांनी पहिल्यांदा खोडला. होता काय विचारलं की नाही असंच उत्तर येतं. त्याजागी आलं: 'सन 2021 पूर्वी वादी आपल्या शेतात कोणत्या बाजूने जात असे?' प्रतिवादीने शपथपत्रात उत्तर दिलं, पूर्व धुऱ्याने, पायी. त्या 'पायी'वर त्याचा सगळा भर होता, पण पूर्व धुरा तर त्याने स्वतःच लिहून दिला!

त्याचं खरेदीखत मागवायला मी दुय्यम निबंधकाला समन्स काढणार होते. तेही सरांनी थांबवलं. नोंदलेल्या खरेदीखताची नक्कल फी भरून कोणालाही मिळते, त्यासाठी कोर्टाची तारीख कशाला खर्ची घालायची? नक्कल आली, पण चतुःसीमेत नुसती शेजाऱ्यांची नावं.

राहिलं निस्तार पत्रक. 1951 मध्ये इकडची मालगुजारी (जमीनदारीचीच एक पद्धत) गेली. त्यानंतर गावाने गुरं कुठे चारायची, सरपण कुठून आणायचं, बंडी कुठून न्यायची, हे हक्क गाववार लिहून ठेवले गेले. रस्त्याच्या दाव्यात या कागदाची एक ओळ दहा साक्षीदारांना भारी पडते. मी नकलेचा अर्ज टाकला. उत्तर आलं, 'सदर क्रमांकाचा अभिलेख आढळून येत नाही.'

माझं डोकं फिरलं. कागद दडवतायत, अशी माझी खात्रीच झाली. आदेश 16 खाली मूळ अभिलेख हजर करण्याचं समन्स मागितलं, भत्ता भरला. बेलीफाची वाट कोण बघणार म्हणून हमदस्त घेतलं आणि स्वतः जाऊन बजावून आले. तारखेला कार्यालयाचं पत्र आलं, तेच एका ओळीचं. मी तावातावाने बोलायला उभी राहिले. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे पुढची तारीख दिली.

बाहेर व्हरांड्यात आबाजी फोनवर मुलाला ओरडत होते, "आबाळ आलं ना बे! बासष्टात जा पयले, कापूस भिजून राहिला असन!"

हा शब्द मी त्यांच्या तोंडून याआधीही ऐकला होता. गावाच्या एखाद्या भागाचं नाव असेल, असं मी समजून चालले होते. त्या दिवशी मात्र विचारलं, "आबाजी, बासष्ट म्हणजे काय?"

"आपलं वावरच होय ना वकीलबाई. बासष्टचं वावर."

"बासष्ट काय? झाडं?"

"मले काय माईत. माह्या बापापासून तसंच म्हनते."

सातबाऱ्यावर नंबर होता 118. माझ्या दोन्ही अर्जांत 118, समन्समध्येही 118. तिथल्या कारकुनाने खरंच 118 शोधलं होतं आणि ते त्या जुन्या पत्रकात नव्हतंच, कारण नंबर नंतर बदलले. भूमी अभिलेखात री-नंबरिंग पर्चा काढून बघितला: जुना खसरा (शेताचा नंबर) 62, नवीन 118. प्रतिवादीचा जुना 61, नवीन 117. ज्याला मी आठवडाभर मनातल्या मनात शिव्या घालत होते, तो कारकून बरोबर होता. ओशाळले, पण सरांना सांगितलं. ते हसले नाहीत, हे एक बरं.

नवीन समन्स चार ओळींचं लिहिलं. मौजा, जुना खसरा 61 व 62, निस्तार पत्रक, मूळ अभिलेखासह. बस.

नोव्हेंबर 2022 ची ती तारीख. तोच कारकून लाल कापडाचा बस्ता काखेत मारून आला. गाठ सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. पानं पिवळी पडलेली, कडा हात लावला की तुटणाऱ्या. त्याने बोट न टेकवता ओळ दाखवली: खसरा 61 च्या पूर्व धुऱ्याने 62 पर्यंत गाडीरस्ता.

समोरचे वकील उलटतपास घ्यायला उठले. सर बसल्या जागेवरूनच म्हणाले, "हा फक्त कागद घेऊन आला आहे, साक्षीला नाही." नुसता कागद आणणारा साक्षीदार होत नाही, हे तेव्हाच्या पुरावा कायद्यातलं कलम 139 मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ते कामाला आलेलं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. समोरचे खाली बसले.

कारकुनाला हजेरीचा दाखला हवा होता आणि तीनची एसटी गाठायची होती. त्याची सगळी घाई त्यासाठी. दाखला मीच लिहून दिला. आबाजी मागे उभे होते, त्यांना ती ओळ वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावली.

"मंग आता बंडी नेता येते काय?"

मी म्हटलं, नाही, मनाईचा अर्ज आता नव्याने टाकू. मग प्रतिवादीचं म्हणणं येईल, युक्तिवाद होईल.

"म्हंजे वेचणी होऊन जाईन," ते म्हणाले आणि पायऱ्यांवर काढलेल्या चपला शोधायला लागले. त्या वर्षीचा कापूस डोक्यावरच आला.