सहा एकांकिका, एक वही

स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गचा फ्रिंज नाट्यमहोत्सव 1947 साली सुरू झाला तो तिथल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या वेळी आठ नाटकमंडळ्या बोलावणं नसताना जाऊन उभ्या राहिल्या म्हणून. आजही फ्रिंजला निवड समिती नाही. ऑगस्टमध्ये बरीच नाटकं रोज पुन्हा होतात, त्यामुळे परीक्षण वाचून माणूस दुसऱ्या दिवशी तिकीट काढतो आणि पाचपैकी किती तारे मिळाले याला तिथं वजन येतं. बेळगावच्या एकांकिका स्पर्धेत संघाचा प्रयोग एकच. परीक्षण छापून येईपर्यंत नेपथ्य टेम्पोत चढून गावाला पोचलेलं असतं. म्हणून या स्पर्धेची परीक्षणं लिहिताना मी तारे देत नाही. तोच संघ पुढं कोल्हापूर-सांगलीला उतरणार असतो, त्याला काय दुरुस्त करता येईल ते लिहितो.

आदल्या रात्री प्रत्येक एकांकिकेला वहीची चार पानं सोडतो. पहिल्या पानावर संघ, लेखक, दिग्दर्शक, प्रकाश, संगीत आणि नेपथ्य यांची नावं. कलाकारांची नावं मात्र प्रयोगाआधी संघप्रमुखाकडूनच तपासून घेतो, कारण ऐनवेळी माणसं बदलतात आणि पत्रिकेत जुनीच नावं राहतात. कन्नड आडनावं तर विचारूनच लिहावीत.

बसायचं पाचव्या-सहाव्या रांगेत, कडेला. पहिल्या रांगेतून नटांची पावलं दिसत नाहीत. बाल्कनीखाली बसलं तर आवाज दबतो आणि उगाच नटाच्या शब्दफेकीला दोष दिला जातो. अंधारात फोन काढायचा नाही. शिसपेन्सिल घ्यायची, मोठ्या अक्षरात लिहायचं आणि डावा अंगठा ओळीखाली ठेवून तो खाली सरकवत जायचं, म्हणजे ओळीवर ओळ चढत नाही. प्रयोग चालू असताना 'छान', 'रटाळ' असं काही लिहीत नाही. मिनिट, घडलेली कृती आणि ऐकलेलं वाक्य, एवढंच. '22 मि. आई पाठमोरी, वाक्य ऐकू आलं नाही' ही नोंद रात्री उपयोगी पडते. 'अभिनय कमी पडला' या नोंदीतून काहीच हाती लागत नाही.

पडदा पडल्यावर पुढच्या संघाचं नेपथ्य लागेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं मिळतात. चहा नंतर. आधी तीन वाक्यं: गोष्ट कशाची होती, कुठं पकडलं, कुठं सुटलं. हे टाळलं तर चौथ्या एकांकिकेनंतर दुसरीतला प्रसंग तिसरीत जाऊन बसतो. दिवा वेळेवर लागला नसेल तर प्रकाशवाल्याला जाऊन विचारतो. डिमर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र, नाट्यगृहाचाच बिघडलेला असेल तर तो दोष संघाच्या नावावर टाकणं अन्याय आहे. जेवणानंतरच्या प्रयोगाला प्रेक्षक जड झालेले असतात. तिथं हशा कमी आला, तर वेळही लिहून ठेवतो.

विनोदी एकांकिका किंवा स्टँडअप असेल तर जागा बदलतो. मागं बसतो, कारण तिथून हशा कुठून उठला ते कळतं. वहीत हशाला टिंबं देतो: एक टिंब म्हणजे तुरळक हसू, दोन म्हणजे अर्धं सभागृह, तीन म्हणजे सगळं. सीमाभागात कन्नड शब्दावर हशा दोन लाटांत येतो: आधी ज्यांना कळलं ते हसतात, मग त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं की दुसरे. दुसऱ्या लाटेसाठी नट थांबला नाही तर पुढचं वाक्य त्या हशात बुडतं. ही चूक नुसतं थांबायला शिकून सुधारते, म्हणून ती मिनिटासकट सांगतो. विनोदाची शेवटची ओळ मात्र परीक्षणात कधीच फोडत नाही.

बोलीकडे कान हवा. आपल्याकडे बाई 'मी येतो', 'मी जातो' म्हणते. बाहेरून आलेल्या परीक्षकाला ती चूक वाटते, ती चूक नव्हे. उलट 'काय करायलास?' म्हणणारं पात्र पुढच्याच वाक्यात पुस्तकी मराठीत शिरलं तर ते नक्की टिपावं. संहिता बसवताना बोलीवर काम झालेलं नाही, हे तिथं उघडं पडतं.

घरी आल्यावर आधी सगळ्यात नावडती एकांकिका लिहायला घेतो. डोकं ताजं असताना तिच्यातलं चांगलंही दिसतं. प्रत्येकीला अडीचशे शब्द, त्यात कथानक चार ओळींपेक्षा जास्त नाही. निकाल जाहीर होईपर्यंत मजकूर कुणाला पाठवत नाही, कारण परीक्षकही वाचतात.