आज पहिल्यांदा न थांबता 200 मीटर पोहले!

दादरचा पालिकेचा तलाव 50 मीटर लांब. तीन महिन्यांपूर्वी अर्ध्या फेरीतच दम लागून दोरी धरली होती. वाटलं, ताकद कमी पडतेय. तसं नव्हतं. मी पाण्याखाली श्वास कोंडून ठेवायचे, मग वर आल्यावर आधी सोडायचा की घ्यायचा? तेवढ्या क्षणात दोन्ही होईना.

सरांनी दहा दिवस एकच गोष्ट करून घेतली. तोंड पाण्यात असताना सावकाश बुडबुडे सोडत राहायचं, आणि श्वासासाठी डोकं उचलायचं नाही, अंगासोबत कुशीवर वळवायचं. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय बुडतात, मग सगळी शक्ती स्वतःला ओढण्यातच जाते. हे अंगात मुरायला मला फार वेळ लागला.

आज वेग मुद्दाम कमी ठेवला. तळावरच्या काळ्या रेघेवर नजर, लाथा कंबरेतून आणि छोट्या. तिसऱ्या फेरीत खांदे भरून आले, पण श्वास शांत होता. चौथ्यांदा भिंतीला हात लागला आणि डोळे भरून आले.

शेजारच्या लेनमधल्या सत्तरीच्या काकू म्हणाल्या, "सोमवारी पाच फेऱ्या हं!"

येणार आहे, काकू.