फॉर्म्युला वन आणि आमची उद्यमबागेतली पोरं
बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री, मशीन शॉपला जाणारी आमची पोरं आता रविवारी संध्याकाळी फॉर्म्युला वनच्या कार रेस बघायलेत, मला लई बरं वाटतंय, कारण हा खेळ ड्रायव्हरइतकाच पार्ट बनवणाऱ्यांचा पण आहे की. आधी मोठ्या टीम वाट्टेल तेवढा पैसा ओतायच्या, 2021 ला प्रत्येक टीमच्या वर्षाच्या खर्चाला 14.5 कोटी डॉलरची मर्यादा आली, पण ड्रायव्हरचा पगार त्यात धरत नाहीत, हे काय मला पटत नाही. आपल्याकडं ग्रेटर नोएडाला 2011 ते 2013 रेस झाली, तिन्ही वेळा जर्मनीचा ड्रायव्हर वेटेलच जिंकला, मग टॅक्सच्या भांडणात बंद पडली, जीव तुटतो ओ! ती परत यायला पाहिजे, आणि तिकीट या पोरांना परवडायला पाहिजे.